पार्किंगमधले टायमिंग

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि छोट्या डिझेल गाड्यांचा जमाना आटोपला. फोक्सवॅगन-श्कोडाचे १.५ टीडीआय आणि रेनो-निसानचे १.५ डीसीआय ही दोन्ही इंजिने भारतातल्या शोरूममधून गेली. रस्त्यावरून मात्र ती गेलेली नाहीत. चाकणला तयार झालेल्या पोलो, व्हेंटो, रॅपिड. तिकडे डस्टर, टेरानो, सनी. यांतली सर्वांत तरुण गाडीही आता पाच वर्षांपुढची आहे. वॉरंटी संपली, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचे एस्टिमेट पाहून मालक बिचकतो, आणि मग मेकॅनिकला फोन येतो : टायमिंग बेल्ट घरी येऊन बदलून द्याल का? काही हौशी मालक तर व्हिडिओ पाहून पाना स्वतःच हातात घेतात.

बदलता येतो. इंजिनाला गॅरेजचे छप्पर लागत नाही. त्याला लॉकिंग पिना लागतात.

आधी गाडीला बेल्ट आहे का, हे पाहावे. स्विफ्ट, डिझायर आणि इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट यांत फियाटचे १.३ मल्टिजेट आहे. त्याला चेन असते. जुन्या २.५ इनोव्हाला बेल्ट, क्रिस्टाला चेन. महिंद्राच्या एमहॉकला चेन, पण महिंद्राच्याच व्हेरिटोत रेनोचे १.५ असल्याने तिला बेल्ट. बाहेरून दिसणारा अल्टरनेटरचा पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट नव्हे, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको; ग्राहकाला मात्र सांगावे लागते. स्विफ्ट डिझेलच्या बिलावर ‘टायमिंग बेल्ट’ असे लिहिलेले दिसले, तर बिल लिहिणाऱ्याविषयी काय समजायचे ते समजावे.

डिझेलमध्ये चुकीला जागा नसते, ती शब्दशः नसते. कॉम्प्रेशन सोळा-सतरा पट हवे म्हणून वर आलेला पिस्टन आणि हेड यांत मिलिमीटरच्या आसपास फट उरते. त्या क्षणी एखादा व्हॉल्व्ह खाली आलेला असेल, तर धडक ठरलेलीच. आयडलिंगला, ८०० आरपीएमवर, प्रत्येक पिस्टन सेकंदाला तेरा वेळा वर येतो. म्हणजे बेल्ट तुटल्याचे ड्रायव्हरला कळेपर्यंत व्हॉल्व्ह वाकलेले असतात आणि हेड खोलण्याचा खर्च ठरलेला असतो.

गल्लोगल्ली चालणारी पद्धत ठाऊक आहेच : जुन्या बेल्टवर आणि पुल्यांवर व्हाइटनरने खुणा करायच्या, त्या नव्या बेल्टवर उतरवायच्या आणि बसवून मोकळे व्हायचे. जुन्या इंडिकावर हे कित्येकांनी केले आणि निभावले. कॉमन रेल टीडीआयवर ते निभत नाही. तिथे कॅमची पुली हबवर लांबट भोकांतून बसते. क्रँक, कॅम आणि पंप तिन्ही लॉक करायचे, पुलीचे बोल्ट ढिले ठेवायचे, बेल्ट चढवून टेन्शनर लावायचा आणि ताण बसल्यावरच ते बोल्ट आवळायचे. व्हाइटनरच्या खुणा दात जुळवतात. दोन-चार अंशांचा फरक त्यांना दिसत नाही. तो कॅम आणि क्रँकच्या सेन्सरना दिसतो. मग गाडी सुरू व्हायला वेळ घेते, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि दोष इंजेक्टरच्या माथी मारला जातो.

आणखी एक. क्रँकचा बोल्ट सोडवताना त्याच लॉकिंग पिनेवर जोर देऊ नये. पिन जागा दाखवण्यासाठी आहे, भार घेण्यासाठी नाही. पुली धरायला वेगळा धारक वापरावा. टॉर्क देऊन वर ठरावीक अंश फिरवायचे बोल्ट एकदा ताणले जातात, ते नवेच घालावेत. पार्किंगमध्ये टॉर्क पाना न नेणाऱ्याने हे काम घेऊच नये.

बेल्ट बसला की सेल्फ मारण्याची घाई होते. आधी पान्याने क्रँक इंजिनाच्या दिशेनेच पूर्ण दोन फेरे फिरवावा. दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, आणि पिना पुन्हा सहज आत गेल्या पाहिजेत. नव्या बेल्टवर छापलेल्या रेघा तेव्हा पुल्यांच्या खुणांशी जुळणार नाहीत. त्या फक्त बसवतानापुरत्या असतात. नवशिके इथेच घाबरतात आणि बरोबर बसलेला बेल्ट पुन्हा उतरवतात. फिरवताना क्रँक कुठे अडला, तर जोर लावू नये. तो अडलेला असतो व्हॉल्व्हला.

सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर जॅक तिरका होतो, ही तक्रार नेहमीचीच. आडव्या इंजिनाच्या गाडीत बेल्टसाठी एका बाजूचे माउंटिंग सोडावे लागते, म्हणजे इंजिनाला खालून आधार हवा. गाडी स्टँडवर, इंजिन जॅकवर, संप आणि जॅकमध्ये लाकडी फळी. बॅटरीची केबल काढून ठेवावी.

बेल्ट एकटा बदलू नये. टेन्शनर आणि आयडलरही बदलावेत. टीडीआय आणि डीसीआयमध्ये वॉटर पंपही याच बेल्टवर चालतो, तेव्हा तोही. पंप गळला की कूलंट नव्या बेल्टवर, आणि सगळी मजुरी पुन्हा.

मुदत किलोमीटरमध्ये आणि वर्षांतही असते, जी आधी भरेल ती. इनोव्हाच्या डॅशबोर्डवरचा ‘टी-बेल्ट’ दिवा किलोमीटर मोजतो, वर्षे नाही. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ साली हरित लवादाने बंदी घातली, तेव्हापासून तिथल्या गाड्या इतर राज्यांत विकल्या जात आहेत. अशी गाडी सर्व्हिस रेकॉर्डशिवाय आली, तर बेल्ट कधीचा आहे हे मीटर सांगणार नाही. तो बदलावा आणि तारीख, किलोमीटर, पार्ट नंबर लिहून बॉनेटखाली स्टिकर लावावा.

स्वतः बेल्ट बदलू पाहणाऱ्या मालकाला हसून घालवण्यापेक्षा लॉकिंग किट भाड्याने द्यावे, डिपॉझिट घेऊन. शेवटचे दोन फेरे आणि पिना तपासण्याचे पैसे वेगळे सांगावेत, आणि ती तपासणी होईपर्यंत किल्ली लावू नका, असे बजावावे.