पार्किंगचे ॲप नको, बस द्या



आमच्या अंधेरीतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याने आवारातली रिकामी पार्किंग शोधून देणारे मोबाइल ॲप तयार केले, म्हणून या आठवड्यात त्याची सगळीकडे वाहवा चालली आहे. मुलगा हुशार आहे, यात वाद नाही. प्रत्येक जागेवर एक सेन्सर, खाली गाडी लागली की मोबाइलवरचा हिरवा ठिपका लाल. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून काम चोख आहे. माझा राग आहे तो टाळ्या वाजवून मोकळे होणाऱ्या व्यवस्थापनावर.

सकाळी आठच्या लेक्चरआधीच सगळे ठिपके लाल होणार. मग पुढची गाडी कुठे जाणार? आमच्याच गल्लीत. आजही सोसायटीच्या गेटसमोर स्कूटरी अशा लावलेल्या असतात की शाळेची बस वळत नाही आणि रुग्णवाहिका आली तर वॉचमनला एकेक स्कूटर उचलून बाजूला करावी लागते. जागाच नसेल तर ॲप काय शोधणार?

एक मोटार उभी करायला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे सुमारे 135 चौरस फूट जागा लागते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत अख्ख्या कुटुंबाला मिळते ते घर 300 चौरस फुटांचे. या उपनगरात अख्ख्या कुटुंबाला 300 आणि एकट्या विद्यार्थ्याच्या मोटारीला 135! आणि ही जागा द्यायची कशासाठी, तर गाडी पाच तास नुसती उभी राहावी म्हणून. हा हिशेब कोणत्याही प्राचार्यांनी एकदा फळ्यावर मांडून पाहावा.

मुले गाडी हौसेने आणतात, असे म्हणणे सोपे आहे. पण त्यांना दुसरे काय दिले आपण? बेस्टचे किमान भाडे 9 मे 2025 पासून 5 रुपयांचे 10 झाले, वातानुकूलित बसचे 6 चे 12. एके काळी साडेचार हजारांवर असलेला बसताफा आता तीन हजारांच्याही खाली आला आहे. स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग पाहिली की पोराला घरून स्कूटर काढावीशी वाटणारच. मेट्रो 2ए आणि 7 वर 1 मे 2023 पासून विद्यार्थ्यांना 25 टक्के सवलत सुरू झाली, पण ती बारावीपर्यंतच्यांना. म्हणजे ज्या वयात लायसन्स हातात पडते, नेमक्या त्याच वयात सवलत संपते. याहून उलटे धोरण कोणते?

त्यातही अकरावी-बारावीची मुले राजरोस ॲक्टिव्हावर येतात, ते वेगळेच. 2019 च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे ठाऊक असूनही पालक चावी देतात, महाविद्यालये गेटवर लायसन्स विचारत नाहीत आणि चौकातले पोलीस तिकडे बघत नाहीत. उद्या एखादे पोर डंपरखाली आले की हेच सगळे हळहळणार.

त्या विद्यार्थ्याला माझे सांगणे एवढेच : बाबा रे, तुझे सेन्सर काढू नकोस, त्यांना दुसऱ्या कामाला लाव. रोज किती गाड्या आत येतात ते त्यांच्यावरून मोज, त्यांतल्या किती गाड्यांत एकटा माणूस असतो आणि त्या कोणत्या भागातून येतात ते गेटवर विचार, आणि ही सगळी नोंद प्राचार्यांच्या टेबलावर ठेव. प्राचार्यांनी तो तक्ता घेऊन बेस्टकडे जावे आणि कॉलेजच्या वेळेला स्टेशनपासून जादा बस मागाव्यात. मेट्रोची सवलत पदवीच्या विद्यार्थ्यांनाही मिळावी म्हणून सरकारला लिहावे. आणि तोवर मेट्रो स्टेशनपासून चालत येता येईल अशा महाविद्यालयांनी धडधाकट विद्यार्थ्यांना मोटारीचे पास देणे या सत्रापासूनच बंद करावे.

– एक पालक, अंधेरी (पश्चिम)