दगडाला पाझर

गोवा झालं, लोणावळा झालं, आता वीकेण्डला नवीन काय? माझं उत्तर तयार आहे. लोणार! बुलढाणा जिल्ह्यात आहे, लांब आहे, पण एकदा जाऊन याच.

मी गेले ती मैत्रिणीच्या माहेरी, मेहकरला मुक्काम ठोकून. ऐन उन्हाळ्यात. निघताना काकू म्हणाल्या, "आमच्याकडे काय पाहता बाई? दगड भरपूर, पाण्याची बोंब!"

काठावर उभं राहिलं की काकूंचं पटतं. उल्केच्या आघातानं पडलेला सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा, तोही काळ्याकभिन्न बसाल्टमध्ये. तळाशी सरोवर आहे, पण खारट. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा आपण सगळ्यांनीच फोटो फॉरवर्ड केले होते.

पण दगड वाटतो तितका कोरडा नसतो, बॉस. दख्खनच्या बसाल्टच्या पोकळ्यांमध्ये पांढरे, चमचमते स्फटिक सापडतात. त्यांचं नाव झिओलाइट. त्यांच्या रचनेतच पाणी असतं, तापवलं की ते फसफसतं. म्हणून तर स्वीडनच्या क्रोनस्टेटनं १७५६ मध्ये त्यांना ग्रीकमधून नाव दिलं, 'उकळणारा दगड'.

आता खरी गंमत ऐका. दगडात असं पाणी मुरलं नसतं, तर आपण उभे आहोत ती जमीनच नसती!

तीन-चारशे कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. समुद्राच्या तळाशी बसाल्ट होता. भेगांमधून पाणी आत शिरलं आणि खनिजांमध्येच जाऊन बसलं. पुढे हा दगड खोल गाडला गेला, तापला. कोरडा बसाल्ट वितळायला १,१०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. पाणी मुरलेला मात्र ८००-९०० अंशांनाच पाघळायला लागतो. सगळा नाही, थोडासाच. तो रस वर सरकला, थिजला आणि ग्रॅनाइटच्या कुळातला फिकट दगड तयार झाला. बसाल्ट पाण्याच्या साधारण ३ पट जड, तर हा २.७ पट. फरक एवढासाच, पण तेवढ्यावर हा दगड वर टिकून राहिला. खंडांचा गाभा असा जमत गेला.

आपल्या पायाखालीही तेच आहे. दख्खनचा काळा दगड जेमतेम ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे नुसतं वरचं झाकण. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतलं, तेव्हा ३३८ मीटरवर बसाल्ट संपला आणि खाली तो जुना, फिकट दगड लागला.

रात्री जेवताना हे सगळं उत्साहानं सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे पाणी दगडात आहे, फक्त आमच्या हंड्यात नाही."

माझी बोलती बंद. खनिजात अडकलेलं पाणी विहिरीत उतरत नाही. बसाल्टमध्ये पाणी साठतं ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, आणि तेवढं पावसाळ्यानंतर किती दिवस पुरणार?

परत आल्यापासून शॉवर जरा लवकर बंद करते. खंडं उभी करणाऱ्या पाण्याचा मान म्हणून नाही हं. काकूंचा हंडा आठवतो.