मालाच्या वहीत चित्राचे स्थान

व्यापाराची भिस्त नोंदीवर असते, हे आपल्या व्यापारी बंधूंना सांगावयास नको. कीर्द, खतावणी आणि मालाची वही चोख असली की पेढीला भय नसते. आता पुष्कळ पेढ्यांची मालाची वही नोशन, एअरटेबल यांसारख्या संगणकीय साधनांवर उतरली असून तीत नोंदीशेजारीच वस्तूचे छायाचित्र ठेवण्याची सोय आहे. ही सोय केवळ शोभेची, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. आमचे नम्र मत निराळे आहे.

चंदेरी साडीचेच उदाहरण घ्यावे. अशर्फी बुटीच्या दोन साड्या. दोहोंचा रंग वहीत ‘मोतिया’ असाच लिहिलेला. बुटी दाट की विरळ, काठ केवढा, हे मुनीमजींच्या डोळ्यांत असते, वहीत नसते. मुनीमजी निवृत्त झाले म्हणजे ते ज्ञानही त्यांच्यासमवेत उंबरठा ओलांडते. चित्र ते ज्ञान पेढीत राखून ठेवते. म्हणून ते शोभा नव्हे, भांडवल आहे.

तथापि चित्र कोठे ठेवावे, यालाही महत्त्व आहे. नोशनमधील साधे कोष्टक मुख्यतः मजकुरासाठी असते. चित्रांसाठी तेथे डेटाबेस करून ‘फाइल्स अँड मीडिया’ या प्रकारचा स्वतंत्र रकाना घ्यावा. मग तीच वही गॅलरीच्या मांडणीत उघडली असता प्रत्येक नग चित्रासह समोर येतो. मोफत योजनेत एका फाइलला ५ एमबीची मर्यादा असल्यामुळे चित्र आटोपशीर करूनच चढवावे.

दुसरी सावधगिरी याहून मोठी. चित्र आणि चित्राचा पत्ता या भिन्न वस्तू होत. गूगल शीट्समध्ये ‘इमेज’ या सूत्राने दाखविलेले चित्र दुसऱ्याच्या ठिकाणावर अवलंबून असते; तेथून ते काढले गेले की आपल्या वहीतही त्याचा भरवसा उरत नाही. एअरटेबलने २०२२ साली, जोडलेल्या फाइलींचे पत्ते काही तासांनी बाद व्हावेत, असे धोरण अंगीकारले. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच. परंतु अशा पत्त्यांवर आपले सूचीपत्रक उभारणे आता शक्य नाही. परक्याच्या वखारीत सारा माल टाकून केवळ पावतीवर निर्धास्त राहणारा व्यापारी विरळाच. यास्तव मूळ चित्रे, नगाचा क्रमांक हेच नाव देऊन, पेढीच्या स्वतःच्या संग्रही असावीत.

मात्र चित्राने शब्दाची जागा घेऊ नये. लांबी, वजन, सुताचा प्रकार चित्रात दिसत नाहीत. रंगसुद्धा दिव्याच्या उजेडात फसवा ठरतो. चित्र पाहून परगावच्या ग्राहकाने मागविलेला माल निराळा निघाला, तर बट्टा लागतो तो पेढीच्या पतीला. म्हणून चित्र तरुणांनी घ्यावे आणि त्याशेजारचा मजकूर जाणत्यांनी सांगावा. हे काम मुनीमजी गादीवर आहेत तोवरच व्हावयास हवे. नंतर चित्रे उरतील, पण त्यांचा अर्थ सांगणारा कोणी उरणार नाही.