दुपारी तीनचा अंतिम सामना

गेल्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामाच्या मैदानावर गावोगावच्या क्लबांच्या फुटबॉल चषकाचे दोन अंतिम सामने झाले. मुलींचा दुपारी तीन वाजता, मुलांचा सायंकाळी सात वाजता, प्रकाशझोतात. मुलांचा सामना पूर्ण वेळेचा, मुलींचा वीस-वीस मिनिटांचा. जमीन तव्यासारखी तापली होती. मुली खेळत होत्या आणि मंडपवाले मैदानाच्या कडेला रात्रीच्या समारंभासाठी खांब रोवत होते. प्रमुख पाहुणे सहाच्या पुढे आले. त्यामुळे मुलींचा चषकही रात्री मुलांच्या चषकाबरोबरच देण्याचे ठरले. तोवर विजेत्या संघातील निम्म्या मुली शेवटची बस गाठण्यासाठी निघून गेल्या होत्या.

सामन्यापूर्वी एका संघाची कर्णधार आमच्याकडे आली. "फादर, आमची फायनल उन्हात का?"

"बाय, लोक संध्याकाळी येतात," आम्ही म्हणालो.

"मग आम्ही संध्याकाळी खेळलो तर लोक येणार नाहीत का?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हापाशी नव्हते. वेळापत्रक ठरविणाऱ्या समितीचे अध्यक्ष आम्हीच होतो, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तेव्हा पुढे जे लिहावयाचे आहे, त्यातील पहिला आरोपी प्रस्तुत लेखकच आहे, हे ध्यानात घेऊनच वाचकांनी ते वाचावे.

आम्ही त्या मुलीला जे उत्तर दिले, तेच उत्तर फुटबॉलच्या जगाने स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या दिले आहे. लोक येत नाहीत म्हणून तुम्हाला चांगली वेळ नाही, चांगले मैदान नाही, चषकच नाही. हे सारे नाही म्हणून लोक येत नाहीत, ही दुसरी बाजू मात्र कोणी उच्चारीत नाही. आडातले पाणी आपणच उपसून टाकावयाचे आणि मग पोहऱ्याला दोष द्यावयाचा, असा हा न्याय आहे.

खंडोखंडीच्या क्लबांच्या चषकांचा इतिहास पाहावा. युरोपातील विजेत्या क्लबांची पुरुषांची स्पर्धा १९५५ साली सुरू झाली. स्त्रियांची २००१ साली. दक्षिण अमेरिकेत पुरुषांची स्पर्धा १९६० ची, स्त्रियांची २००९ ची. आफ्रिकेत पुरुषांची १९६४ ची, स्त्रियांची २०२१ ची. आणि आपल्या आशियात पुरुषांची १९६७ ची, तर स्त्रियांची, तीही केवळ प्रायोगिक म्हणून, २०१९ ची. चारही खंडांत जवळजवळ अर्ध्या शतकाचे किंवा त्याहून अधिक अंतर! या काळात स्त्रिया खेळत नव्हत्या, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. आपल्याच देशातील मुलींनी १९७९-८० साली कालिकतला आशियाई महिला स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली होती. खेळाडू होते, खेळविणारे नव्हते.

"पण प्रेक्षक कोठे आहेत?" हा आक्षेप आम्ही बाजूला सारू इच्छीत नाही. त्याला इतिहासानेच उत्तर दिलेले आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील प्रेस्टन येथील कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांनी 'डिक, केर लेडीज' नावाचा संघ उभा केला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहण्यास ५३,००० लोक जमले, आणि जागा न मिळाल्याने हजारो लोक बाहेरून परत गेले. या सामन्यांतून मिळालेला पैसा धर्मादाय कामांसाठी जात असे. मग काय झाले? ५ डिसेंबर १९२१ रोजी तेथील फुटबॉल संघटनेने ठराव केला की, हा खेळ स्त्रियांना योग्य नाही, आणि आपल्या सदस्य क्लबांनी त्यांना मैदाने देऊ नयेत. हा ठराव जवळजवळ पन्नास वर्षे कायम राहिला.

या ठरावाची खुबी पाहावी. स्त्रियांना खेळू नका असे संघटनेला सांगता येत नव्हते; तिने फक्त मैदानाचे फाटक लावले. ज्या खेळाला अर्धा लाख माणसे लोटत होती, तो खेळ गावाबाहेरच्या चिखलात ढकलला, आणि पुढील पिढ्यांना सांगितले की बायकांचा खेळ कोणी पाहत नाही. फाटक पुन्हा उघडले तेव्हा काय दिसले? २२ एप्रिल २०२२ रोजी बार्सिलोनाच्या कँप नोऊ मैदानावर युरोपीय महिला क्लब स्पर्धेतील उपान्त्य सामन्याला ९१,६४८ प्रेक्षक होते. मोठे मैदान, सोयीची वेळ आणि रीतसर निमंत्रण, एवढे दिले की लोक येतात.

दुसरा आक्षेप पैशाचा. आशियातील महिलांची क्लब स्पर्धा २०२४-२५ च्या मोसमात पूर्ण स्वरूपात सुरू झाली. २४ मे २०२५ रोजी चीनमधील वूहान येथे पहिला अंतिम सामना झाला आणि वूहानच्याच संघाने मेलबर्न सिटीला पेनल्टींवर हरविले. विजेत्यांना १० लाख डॉलर मिळाले. त्याच मोसमातील पुरुषांच्या विजेत्या क्लबाला १ कोटी डॉलर. आमचे काही व्यवहारी मित्र म्हणतील की, पुरुषांच्या सामन्यांवर दूरचित्रवाणीचा पैसा अधिक मिळतो, तेव्हा बक्षीसही अधिकच असणार. ठीक आहे. बाजाराचा हिशेब एका दिवसात बदलावा, असा आमचा हट्ट नाही. परंतु सामना उन्हात ठेवावा, वेळ अर्धी करावी, चषक उशिरा द्यावा, यात कोणत्या बाजाराचा हात आहे? हे निर्णय बाजार घेत नाही, समिती घेते. आणि समितीत तुमच्या-आमच्यासारखी माणसे असतात.

या माणसांच्या चुकांची किंमत कोण मोजते, ते आता पाहू. आपल्या देशात महिलांच्या राष्ट्रीय लीगचा पहिला मोसम २०१६-१७ चा. या लीगचा विजेता म्हणून केरळचा गोकुळम क्लब २०२१ साली जॉर्डनमधील अकाबा येथे आशियाई स्पर्धेत गेला आणि पहिले दोन सामने गमावल्यावर उझबेकिस्तानच्या बुन्योदकोर संघाला ३-१ असे हरवून परतला. पुढील वर्षी याच क्लबाच्या मुली पुन्हा निघाल्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्या ताश्कंदला उतरल्या, आणि त्याच सुमारास वार्ता आली की, बाहेरील हस्तक्षेपाचे कारण देऊन 'फिफा'ने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले आहे. खुर्च्यांचा वाद दिल्लीत, निवडणुका रखडल्या त्या पुरुष पदाधिकाऱ्यांच्या, आणि खेळण्यास मनाई झाली ती परदेशात पोहोचलेल्या मुलींना! त्यांचा पहिला सामना २३ ऑगस्टला होता, दुसरा २६ ऑगस्टला इराणच्या बम खातून संघाशी. निलंबन उठले ते नेमके २६ ऑगस्टला. तोवर मुली न खेळताच मायदेशी परतल्या होत्या.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. मार्च २०२३ मध्ये बंगळुरू येथील बाद फेरीच्या सामन्यात पंचांनी मान्य केलेल्या एका गोलाच्या निषेधार्थ केरळ ब्लास्टर्सचा पुरुष संघ मैदान सोडून गेला. महासंघाने क्लबाला ४ कोटी रुपयांचा दंड केला. जूनमध्ये क्लबाने या दंडामुळे आलेल्या आर्थिक ताणाचे कारण देऊन आपला महिला संघ थांबविला. मैदान सोडले पुरुषांनी. मैदान गेले स्त्रियांचे. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिचे इतके चोख उदाहरण क्वचितच सापडेल.

एवढे होऊनही या मुली थांबल्या नाहीत. २०२५ च्या नोव्हेंबरात वूहानमध्ये ईस्ट बंगालच्या महिलांनी त्याच बम खातून संघाला ३-१ असे हरविले, आणि डिसेंबरात काठमांडूला दक्षिण आशियाई महिला क्लब चषकही जिंकला. कोलकात्याच्या या क्लबाच्या पुरुष संघाच्या एका पराभवावर जेवढी शाई खर्च होते, तेवढी तरी या चषकावर खर्च झाली का, याचा शोध वाचकांनी आपल्या घरच्या रद्दीत घ्यावा.

आता घरचा विचार. दिव्याखाली अंधार असू नये. गोव्यात फुटबॉल आणला तो आमच्याच पेशाच्या माणसाने. फादर विल्यम लायन्स यांनी १८८३ साली शिवोलीच्या मुलांना हा खेळ शिकविला, असे सांगतात. पुढे गोव्यात काय, मुंबई-वसईत काय, चर्चच्या आवारातील मोकळ्या जागेने किती क्लब वाढविले! धर्मग्रामाच्या मैदानाचे ऋण मानणारे खेळाडू आम्ही पाहिले आहेत. पण ते मैदान मुलग्यांचेच, हे आम्ही इतके गृहीत धरले की त्याचा ठराव करण्याचीही गरज आम्हाला भासली नाही. इंग्लंडच्या संघटनेने निदान ठराव तरी केला होता! मुलींसाठी आम्ही शिवणवर्ग काढले, गायनवृंद काढला आणि मोठ्या समाधानाने हात झटकले. प्रवचनात ज्यांना समान प्रतिष्ठेची लेकरे म्हणावयाचे, त्यांना मैदानावर दुपारी तीनची वेळ द्यावयाची, या दोहोंचा मेळ कसा घालणार?

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. चषक कोणताही असो, गावाचा, जिल्ह्याचा वा खंडाचा. स्त्रियांचा अंतिम सामना पुरुषांच्या सामन्याइतक्याच मानाच्या वेळी, त्याच मैदानावर, नियमाने ठरलेल्या पूर्ण वेळेचा व्हावा. चषक सामना संपताच विजेत्यांच्या हाती पडावा. गावच्या स्पर्धेत बक्षीस सारखेच असावे, कारण तेथे दूरचित्रवाणीचा पैसा नसतो आणि सबबही नसते. ज्या क्लबाने महिला संघ उभारला, त्याला पुरुष संघाच्या दंडापायी तो मोडता येऊ नये, असा नियम महासंघाने करावा.

ही टिपणे आम्ही आमच्या समितीपुढे वाचून दाखविली. एक सभासद म्हणाले, "फादर, मुलांचा सामना तीनला ठेवला तर देणगीदार नाराज होतील." ही देणगी क्षुल्लक नाही, तिच्यातूनच प्रकाशझोताचे भाडे निघते. आम्ही सुचविले की दोन्ही सामने सायंकाळी ठेवावेत. पहिला साडेपाचला, दुसरा साडेसातला, आणि मधली भाषणे गाळावीत. त्यावर बैठकीत बराच वेळ शांतता पसरली. भाषणे गाळणे हे देणगी गमावण्यापेक्षा कठीण आहे, हे तेव्हा आमच्या लक्षात आले. अखेर ठराव एका मताने संमत झाला. येत्या मे महिन्यात मुलींचा सामना साडेपाचला आहे. आमचे भाषण नाही. वाचकांनी अवश्य यावे, आणि त्या मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे.