मेलेले माकड काय सांगते?

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ सुनेसोबत माझ्या दवाखान्यात आले. चार दिवसांचा ताप, असह्य डोकेदुखी, लाल झालेले डोळे. रक्तदाब, साखर, नेहमीच्या गोळ्या असे सारे काही मी विचारले. निघता निघता सूनबाई सहज म्हणाल्या, "मामंजी आठ दिवस दोडामार्गला काजूच्या बागेत होते." मी त्यांना पुन्हा बसवले. तपासणीत माकडताप नसल्याचे निष्पन्न झाले, ते बरेही झाले, परंतु "कुठे जाऊन आलात?" हा साधा प्रश्न माझ्याकडून राहून गेला होता.

माकडतापाची ओळख पटली ती 1957 साली. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात वानरे आणि माकडे मरू लागली. आसपासच्या खेड्यांत माणसेही तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील, शास्त्रज्ञ तेथे पोहोचले. पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी प्रथम शंका होती. प्रत्यक्षात सापडला तो एक नवाच विषाणू, आणि तो पसरवणारी होती जंगलातील गोचीड.

हा विषाणू गोचिडी आणि उंदीर-चिचुंद्रीसारखे छोटे प्राणी यांच्यात वावरतो. जंगल तोडून शेती झाली, गुरे रानात चरू लागली, तशा गुरांच्या रक्तावर गोचिडी वाढल्या आणि माणसाच्या वाटेवर आल्या, अशी मांडणी हॉर्हे बोशेल या संशोधकांनी 1969 साली केली. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी खाली उतरून नवा आसरा शोधतात. म्हणूनच मेलेले माकड ही धोक्याची सूचना असते, आणि ती जागाही धोक्याची असते.

अनेक दशके हा आजार कर्नाटकापुरताच मानला जाई. पुढे तो केरळ आणि तमिळनाडूत, 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात आढळला. डिसेंबर ते मे हा त्याचा मुख्य काळ. काजूचा हंगामही याच दिवसांत येतो.

घरातील ज्येष्ठ व्यक्ती बागेत वा रानात जात असतील, तर पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पायजमा मोज्यांत खोचावा आणि पालापाचोळ्यावर बसू नये. घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबणाने स्नान करावे. गोचिडीची पिल्ले तिळाहून बारीक असतात आणि ज्येष्ठांची नजर अधू असते; तेव्हा मान, काखा, गुडघ्यांची मागची बाजू घरच्यांनी पाहावी. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये. मेलेल्या माकडाजवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे.

रानातून आल्यावर साधारण आठवडाभरात अचानक ताप, अंगदुखी, उलट्या किंवा रक्तस्राव झाल्यास डॉक्टरांना जंगलाचा उल्लेख आवर्जून करावा. मनाने अॅस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेऊ नये. रक्तस्राव वाढू शकतो. हृदयविकारासाठी अॅस्पिरिन चालू असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे. स्वतःहून बंद करू नये. या विषाणूवर खास औषध नाही; पाण्याची पातळी राखणे आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवणे हाच उपचाराचा गाभा. काही रुग्णांत ताप उतरून आठ-पंधरा दिवसांनी तो पुन्हा येतो. सोबत कंप, बरळणे, गोंधळलेपणा दिसतो. त्याला 'वयोमान' म्हणून सोडून देऊ नये. रुग्णाची सेवा मात्र निःशंकपणे करावी. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही.

तेव्हापासून तापाचा रुग्ण समोर बसला की नाडी पाहतानाच मी विचारतो, "गावाकडे जाऊन आलात का?" डॉक्टर विचारायला विसरले, तर आपण आपणहून सांगा.