मालवाहतुकीस एकसूत्री धोरण हवे

शेतकऱ्याने उत्तम पीक काढले, तरी तेवढ्याने त्याच्या पदरी दाम पडत नाही. माल वेळेवर व माफक भाड्यात गिऱ्हाइकापर्यंत पोचला, तरच श्रमाचे चीज होते. म्हणून वाहतुकीचा प्रश्न हा शेतीचाच प्रश्न आहे, असे आम्ही मानतो.

आजची स्थिती पाहावी. केंद्रात रेल्वे, महामार्ग आणि बंदरे यांची मंत्रालये निरनिराळी. गावचा रस्ता तिसऱ्याच खात्याकडे. प्रत्येक खाते आपापले काम करते. परंतु बांधापासून पेठेपर्यंत मालाचा प्रवास एकच असतो, त्याची काळजी कोणी वाहावी हे ठरलेले नाही. १९५०-५१ साली देशातील ८० टक्क्यांहून अधिक मालवाहतूक रेल्वेने होत असे; आज तो वाटा एक तृतीयांशाहूनही कमी आहे. दूरच्या पल्ल्यास रेल्वेला इंधन थोडे लागते, हे ठाऊक असूनही असे घडले.

७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारातील दानापुरास पहिली किसान रेल्वे निघाली. थोडा मालही चढविण्याची मुभा असल्याने लहान बागाइतदारासही लांबची पेठ खुली झाली. त्याच वर्षी फळे व भाजीपाला यांच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळू लागली. परंतु गाडी रेल्वे खात्याची होती, तर सवलतीचा पैसा अन्नप्रक्रिया खात्याच्या योजनेतला होता! डाळिंबाची बाग कित्येक वर्षांच्या हिशेबाने लावावी लागते. योजनेच्या मुदतीवर विसंबणाऱ्या सोयीच्या भरवशावर ती कोण लावील?

डॉ. राकेश मोहन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१४ साली परिवहनाचे एकत्रित मंत्रालय असावे असे सुचविले. २०२१ साली गतिशक्ती योजनेने सर्व खात्यांची कामे एका नकाशावर आणली, हे स्वागतार्ह आहे. तथापि नकाशा एक झाला म्हणजे भाड्याचे धोरण व जबाबदारी एक झाली, असे नव्हे.

एवढे अवाढव्य मंत्रालय चालेल कसे, ही शंका रास्त आहे. आमचा आग्रह मंत्रालयाच्या नावाचा नसून निर्णयाच्या एकवाक्यतेचा आहे. नाशवंत मालाचे भाडे निदान पाच वर्षे स्थिर असावे. स्टेशन, शीतगृह व जोडरस्ता यांस एकाच वेळी मंजुरी मिळावी. जवळचा पल्ला मोटारीचा व दूरचा रेल्वेचा, हे तत्त्व भाड्याच्या दरांतही दिसावे. आमच्या सभासद बंधुभगिनींनी ह्या मागण्या ठरावरूपाने आपापल्या लोकप्रतिनिधींकडे धाडाव्यात, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.