उपचाराचा हात आणि संसर्ग

घुग्घुससारख्या कोळसा-सिमेंटच्या गावात कंबर आणि गुडघे धरलेल्या माणसांची वाण नसते. खाणीतले कष्ट, ट्रकचे हादरे आणि रात्रपाळ्यांची दगदग यांनी वाकलेली पाठ अखेर फिजिओथेरपिस्टच्या हाती येते. डॉक्टर दुरूनही चिठ्ठी लिहू शकतो. हा उपचारक मात्र अर्धा तास रोग्याच्या अंगाशी भिडलेला असतो. त्याचे हात हेच त्याचे औषध. म्हणूनच ११ मार्च २०२० रोजी कोरोनाची जागतिक साथ जाहीर झाली आणि माणसामाणसांत अंतर राखण्याचे फर्मान सुटले, तेव्हा या व्यवसायापुढे मोठेच कोडे पडले.

योगायोग असा, की आपल्याकडे हा व्यवसाय रुजला तोच एका साथीमुळे. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांसाठी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने, भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. तेव्हाचे काम साथीने मागे ठेवलेल्या अपंगत्वाशी होते. कोरोनाने या मंडळींना साथीच्या ऐन तोंडाशी उभे केले. रोग्याला पालथे निजविणे, कफ सुटावा म्हणून खोकावयास लावणे ही कामे त्यांचीच, आणि त्या खोकल्याच्या तुषारांतच विषाणू!

हात केव्हा धुवावेत हे त्यांना ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. पण ठाऊक असणे वेगळे आणि अंगवळणी पडणे वेगळे. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात झेमेलवाइसने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरी वैद्यकविश्वाला ते पटावयास कित्येक वर्षे जावी लागली. साबणाने नीट हात धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात, आणि तेही प्रत्येक रोग्याच्या आधी व नंतर. बाहेर माणसे खोळंबलेली, खोलीत नळ नाही, अशा स्थितीत हे मिनिट काढावयाचे कोठून? हातमोजे घातले की धुणे नको, हा समज तर अधिकच घातक. मोजे काढतानाच हात दूषित होतात. शिवाय शेकाची पिशवी, यंत्राची पॅडे, खाटेवरचा टॉवेल या वस्तू दिवसभर एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जात असतात.

हा दोष एकट्या उपचारकाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. मोठ्या रुग्णालयात संसर्गनियंत्रणाची समिती असते; गावातल्या एका खोलीच्या दवाखान्यात कोण असणार? २०२१ च्या कायद्याने या व्यवसायाचे दर्जे ठरविण्याचे काम राष्ट्रीय आयोगाकडे सोपविले आहे. त्यात नळ, साबण, स्वच्छ चादर आणि दोन रोग्यांमधला अवकाश यांचाही समावेश हवा. कोरोनाची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी उठली. क्षयरोगाची मात्र उठलेली नाही, आणि सिलिकाच्या धुळीने पोखरलेल्या छातीला त्याचे भय अधिक. खाणकामगाराची पाठ चोळणाऱ्या हातांची सोय खाणीच्या मालकांनीही पाहावयास हवी.